आधी ओल शोधा

आमच्या पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात वाळवी, झुरळं आणि ढेकूण ही मोठी कामं. त्यांचे दर ठरलेले, औषधं ठरलेली, हमीची मुदतही ठरलेली. चिलटांसाठी स्वतंत्र दर कुणी लावत नाही. झुरळांच्या कामाला गेलेल्या मुलाला घरातल्या काकू म्हणतात, "अरे, जाता जाता या चिलटांवर पण मार की थोडं," आणि तो सिंकखाली एक फवारा मारून येतो. एक-दोन दिवस बरे जातात. मग चिलटं परत येतात, पाठोपाठ ऑफिसात फोन येतो, आणि त्या फोननंतरची पाहणी माझ्याकडे असते.

पुण्यात हा व्यवसाय माझ्या सासऱ्यांनी उभा केला, तोही वाळवीच्या कामांवर. मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन या घरात आले, आधी हिशेब पाहिला, मग हळूहळू पाहणीला जायला लागले. चिलटांचं काम दुसऱ्या कुणाला नको असायचं, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि राहिलं. मला ते मनापासून आवडतं. या कामात औषध जवळजवळ लागतच नाही. टॉर्च लागतो, जुना टूथब्रश, सेलोटेप, एखादा बटाटा, आणि घरातल्या माणसांशी निवांत बोलायची तयारी लागते.

सुरुवातीला सासऱ्यांना हे पटायचं नाही. "औषध न मारता पैसे कसे मागायचे गं?" असं ते विचारायचे, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. औषधाचा वास आला नाही तर काम झालं असं गिऱ्हाइकाला वाटत नाही. अजूनही कितीतरी घरांत मी ब्रश घेऊन मोरीपाशी बसले की मागून आवाज येतो, "मॅडम, पंप नाही आणला?" मग मला समजावून सांगावं लागतं. हवेत उडणारं चिलट हे त्या कुटुंबातलं शेवटचं माणूस आहे. त्याची अंडी, अळ्या, कोश हे सगळं दुसरीकडे कुठेतरी ओलीत बसलेलं असतं आणि तिथवर फवारा पोचत नाही. उडणारी पन्नास मारली तरी ओलीतून दुसरी पन्नास निघणार.

फोनवर सगळे एकच सांगतात, "चिलटं झालीत." माझा पहिला प्रश्न असतो, बसतात कुठे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर अर्धं काम होतं. केळ्यांवर, चिरलेल्या कलिंगडावर, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर बसत असतील आणि जवळून पाहिल्यावर अंग तांबूस-पिवळट, डोळे लाल दिसत असतील, तर ती फळांवरची माशी, ड्रोसोफिला. जेमतेम तीन मिलिमीटरची. न्हाणीघराच्या भिंतीवर पंख पसरून स्वस्थ बसलेलं, राखाडी, केसाळ, हात लावला तर बोटाला भुकटी लागते असं काही असेल, तर ती मोरीतली माशी. तिला पुष्कळजण छोटं फुलपाखरू म्हणतात, आणि दिसायला ते खरंच तसं दिसतं. आणि काळं, बारीक, लांब पायांचं, धड उडताही न येणारं, संध्याकाळी टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या उजेडावर येऊन नाकातोंडाशी घोटाळणारं असेल, तर मी विचारते, "घरात कुंड्या किती आहेत?" ते कुंडीच्या मातीतलं चिलट असतं.

तिघांची जन्मस्थानं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. फोनवर नीट सांगता येत नसेल तर मी लोकांना एक वाटी ठेवायला सांगते. तळाशी दोन बोटं व्हिनेगर आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. साबणामुळे पाण्यावरचा ताण सुटतो आणि माशी पृष्ठभागावर टेकली की बुडते. रात्रभर ओट्यावर ठेवायची. सकाळी वाटीत माशा असतील तर फळांवरची. वाटी रिकामी आणि घरात मात्र चिलटं उडतायत, तर शोध मोरीत किंवा कुंडीत घ्यायचा. या वाटीने घर चिलटमुक्त होतं असं लोक सांगतात, ते मला मान्य नाही. तिने मोठ्या माशा कमी होतात एवढंच. मला तिचा खरा उपयोग वाटतो तो निदानासाठी.

व्हिनेगरच का, यामागे मोठी गंमत आहे. कॉलेजात आम्ही ही माशी काचेच्या बाटल्यांत वाढवली होती. रवा, गूळ, यीस्ट आणि आगर शिजवून बाटलीच्या तळाशी ओतायचं, वर कापसाचं बूच. मादी त्या खाद्यावर अंडी घालते. पंचवीस अंश तापमानाला सुमारे एका दिवसात अळी बाहेर येते, आणि अंड्यापासून उडती माशी व्हायला साधारण दहा दिवस पुरतात. एक मादी आयुष्यात चारशेहून जास्त अंडी घालू शकते. या वेगामुळेच ती प्रयोगशाळांची लाडकी झाली. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली लाल डोळ्यांच्या माशांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि त्यातून आनुवंशिकतेचा मोठा उलगडा झाला. १९३३ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. आपल्याकडे मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच माशीला वास आणि चव कशी कळते यावर १९७०च्या दशकात काम सुरू केलं. ते कॉलेजात शिकताना मला वाटलंही नव्हतं की पुढे कोथरूडच्या आणि सिंहगड रस्त्याच्या स्वयंपाकघरांमधून मी याच माशीचा वास घेण्याचा रस्ता उलटा चालत जाणार आहे.

ही माशी खरी फळाच्या मागे नसते, फळावरच्या यीस्टच्या मागे असते. फळ आंबायला लागलं की अल्कोहोलचा आणि आंबूस वास सुटतो आणि त्या वासावर ती लांबून येते. अखंड, घट्ट सालीच्या केळ्यापाशी ती नुसती घिरट्या घालते. देठापाशी चिरलेल्या केळ्यात मात्र अंडी घालते. बाजारातून आणलेल्या डझनभर केळ्यांबरोबर अशी अंडी घरात येतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून केळी आणली की धुवून, पुसून ठेवावीत. फार पिकलेली फ्रिजमध्ये टाकावीत, थंडीत अंड्यांची वाढ थांबते. साल काळी पडेल, पडू दे, आतलं केळं चांगलं राहतं.

पण फळांची टोपली सगळ्यांनाच दिसते. ती स्वच्छ करून, धुवूनही ज्यांच्याकडे चिलटं जात नाहीत त्यांचे फोन माझ्याकडे येतात. आंबणारं, ओलं, गोडसर काहीतरी दुसरीकडे कुठेतरी असतंच. कांदे-बटाट्याच्या टोपलीत तळाशी गेलेला एक बटाटा पिचून त्याचं पाणी झालेलं असतं. लादी पुसायचं फडकं किंवा मॉप ओला गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला असतो. कचऱ्याच्या डब्यात पिशवी लावलेली असते, पण पिशवीखाली, डब्याच्या बुडाशी, झिरपलेलं पाणी महिन्याचं असतं. मिक्सरच्या बुडाशी, जिथे भांडं बसतं त्या खाचेत, आमरसाचे ओघळ वाळून पुन्हा ओले झालेले असतात. गणपतीत आणि नवरात्रात देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात निर्माल्याची पिशवी असते, विसर्जनापर्यंत साठवलेली, आणि त्यात नैवेद्याच्या केळ्याच्या साली. रद्दीवाला येईपर्यंत गॅलरीत ठेवलेल्या सरबताच्या आणि बिअरच्या बाटल्यांच्या तळाशी चमचाभर राहिलेलं असतं. एका माशीच्या पिढीला चमचाभर पुष्कळ होतं.

कोथरूडमधल्या एका घराचं सांगते, कारण त्या घराने मला या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावलं. नवरा-बायको, तान्हं बाळ आणि सासूबाई. स्वयंपाकघर लखलखीत. ओट्यावर एक भांडं नाही, डबा रोज धुतलेला, फळं फ्रिजमध्ये. तरी दुपारी ओट्यापाशी उभं राहिलं की चिलटं तोंडावर येत. मी आल्यापासून सासूबाई दारात उभ्या होत्या. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "आता वेळच नसतो ना कुणाला." सून काही बोलली नाही. बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली.

व्हिनेगरची वाटी आदल्या रात्री ठेवायला सांगितली होती, तिच्यात माशा होत्या. म्हणजे फळांवरची माशी, आणि ती जवळपासच कुठेतरी जन्माला येतेय. मी सिंकखाली पाहिलं, ट्रॉल्यांच्या खाली पाहिलं, ओट्याच्या सांध्यातून टॉर्च फिरवला. काही नाही. मग थोडा वेळ नुसती उभी राहून पाहत होते, माशा उडून पुन्हा कुठे जातात. त्या फ्रिजच्या मागे जात होत्या.

आजच्या फ्रिजमध्ये आतल्या मागच्या भिंतीवर जमलेलं दव वितळून एका बारीक भोकातून खाली जातं आणि मागे, कॉम्प्रेसरच्या वर, एका ट्रेमध्ये साठतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते वाळून जावं अशी ती योजना असते. पण फ्रिजमध्ये काही सांडलं तर तेही त्याच भोकातून त्याच ट्रेमध्ये जातं. मी फ्रिजचा प्लग काढायला लावला, नवऱ्याने फ्रिज पुढे ओढला, मागचं झाकण उघडलं. ट्रेमध्ये तपकिरी, दाट, आंबूस वासाचा थर होता. त्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, आणि ट्रेच्या कडेला, थराच्या जरा वर कोरड्या जागी, गव्हाच्या कोंड्याच्या कणांसारखे तपकिरी कोश ओळीने चिकटलेले. उन्हाळ्यात कधीतरी आमरसाचं भांडं आत लवंडलं होतं. पुसलं सगळ्यांनी, पण जे भोकातून खाली गेलं ते कुणालाच दिसलं नाही. ऊब, ओल आणि गोडी, तिन्ही एका जागी.

मी टॉर्च सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "अगं, ये इकडे. तुझा काही दोष नाही यात." सून बाहेर आली नाही लगेच. ट्रे धुवून, वाळवून, मी निघेपर्यंत मात्र दोघी ओट्यापाशी उभ्या राहून चहा करत होत्या.

चिलटं झाली की घरातल्या बाईवर बोट दाखवलं जातं. झुरळांबद्दल कुणी असं फारसं बोलत नाही, ती शेजाऱ्यांकडून आली असं म्हणून मोकळे होतात. चिलटं मात्र घाणीवर होतात, घाण म्हणजे आळस, आणि आळस म्हणजे सून, नाहीतर मोलकरीण. मी जितक्या घरांत गेले तितक्यांमधून माझं मत पक्कं झालं आहे की हा आरोप बहुतेक वेळा खोटा असतो. चिलटांची जागा दिसत नाही अशाच ठिकाणी असते, म्हणून तर ती टिकते. दिसणारी जागा बाई केव्हाच पुसून घेते.

आणि ज्यांना या जागा ठाऊक असतात त्यांना सहसा कुणी विचारत नाही. मी भांड्याच्या मावशींना थांबवून घेते. मालकीणबाई समोर नसताना त्या मोकळेपणाने बोलतात. एका घरी सिंकखाली पाहिलं तर सगळं कोरडं. मावशी म्हणाल्या, "ताई, ते पाइपाचं जोड आहे ना, भांडी घासताना तिथून येतं पाणी. पाणी बंद केलं की थांबतं. मी दोनदा सांगितलं." पाणी सोडून पाहिलं, तर थेंब थेंब ट्रॉलीच्या प्लायवूडमध्ये मुरत होतं. प्लायवूड हाताने दाबलं की दबत होतं. तिथे औषधाचं काहीच काम नव्हतं, प्लंबर आणि सुताराचं होतं.

आंब्याच्या दिवसांत वेगळाच घोळ होतो. पेटी येते, पेंढ्यातला एक नासका आंबा अढी नासवतो, आणि कुणीतरी कृषी केंद्रातून फळमाशीचा सापळा आणून स्वयंपाकघरात टांगतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'रक्षक' नावाचा फळमाशी सापळा तयार केला आहे आणि आंब्याच्या बागांमध्ये अशा सापळ्यांचा चांगला उपयोग होतो. पण बागेतली फळमाशी वेगळी. ती घरमाशीएवढी, पिवळ्या पट्ट्यांची, झाडावरच्या चांगल्या फळात शेपटाकडची अंडनलिका खुपसून अंडी घालते, आणि कापल्यावर आंब्यात अळ्या निघतात त्या तिच्या. त्या सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासावर त्या माशीचे नर येतात, आपल्या ओट्यावरची ड्रोसोफिला तिकडे ढुंकूनही पाहत नाही. बागेतली ही माशी किती महत्त्वाची आहे ते शेतकऱ्यांना विचारावं. २०१४ साली युरोपीय संघाने हापूसची आयात थांबवली त्यामागे या फळमाश्याच होत्या, आणि पुढच्या वर्षी ती बंदी उठली. घरात तिची काही भीती नाही. घरात पेटी रोज उघडून, एकेक आंबा हाताने चाचपून, नासका बाजूला काढणं एवढाच उपाय, आणि तो आपल्या आजीही करत होत्याच.

मोरीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त वेळ खातं, कारण तिथे लोकांनी आधीच पुष्कळ काही ओतलेलं असतं. अॅसिड, ब्लीच, फिनेल, कोण काय. मोरीतल्या माशीच्या अळ्या पाइपाच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत थर जमतो, केस, साबण, तेल यांचा, त्यात राहतात. वरून ओतलेलं पाणी पाइपाच्या मधून वाहून जातं आणि कडेचा थर जिथल्या तिथे राहतो. आणि एक गोष्ट मी प्रत्येक घरी बजावून सांगते. अॅसिड आणि ब्लीच, किंवा अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर, एकाच मोरीत एकापाठोपाठ ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. चिलटं त्रासदायक असतात, पण त्यांच्यापायी कुणाच्या छातीला इजा व्हायला नको.

घरात एकाहून जास्त मोऱ्या असल्या तर कुठली, ते सेलोटेप सांगते. रात्री निजताना जाळीवर दोन-तीन पट्ट्या चिकट बाजू खाली करून लावायच्या, हवा जायला फट ठेवून. सकाळी ज्या पट्टीला माश्या चिकटलेल्या असतील ती मोरी. मग जाळी काढून आत हात घालायला लागतो. आपल्याकडच्या न्हाणीघरांत नहाणी ट्रॅप असतो. त्यात एक वाटी उलटी बसवलेली असते, ती आणि तिच्याभोवतीचं पाणी मिळून खालची हवा आणि किडे वर येऊ देत नाहीत. पाणी लवकर जात नाही म्हणून पुष्कळ घरांत ही वाटी काढून माळ्यावर ठेवलेली असते. "ती ना, ती अडकायची सारखी, म्हणून काढली," असं अगदी सहज सांगतात. वाटी काढली की न्हाणीघर थेट ड्रेनेजला उघडं. मी वाटी शोधायला लावते, लांब दांड्याच्या ब्रशने ट्रॅपच्या भिंती खरवडते, निघालेला थर पिशवीत भरून बाहेर काढते, मग सोसेल इतपत गरम पाणी सोडते आणि वाटी परत बसवते. आठवड्याने पुन्हा खरवडायचं, कारण पहिल्या वेळी काहीतरी राहतंच. सहा-सहा महिने बंद असलेल्या फ्लॅटमध्ये ट्रॅपमधलं पाणी आटून जातं आणि दार उघडताच भिंतीवर ही फुलपाखरं दिसतात. तिथे फक्त एक तांब्याभर पाणी ओतायला हवं असतं. परदेशी जाताना किल्ली शेजाऱ्यांकडे देतो, तेव्हा महिन्यातून एकदा सगळ्या मोऱ्यांत पाणी ओता एवढं सांगून जावं.

कुंड्यांमधलं चिलट हे चांगल्या सवयींमधून येतं, म्हणून ते सोडवणं नाजूक. सहकारनगरात एक आजोबा आहेत, त्यांची गॅलरी म्हणजे बागच. गुलाब, अबोली, कढीपत्ता, ओवा. रोज सकाळी सातला सगळ्या कुंड्यांना पाणी आणि रोजचा चहाचा चोथा गुलाबाला. हा त्यांचा नेम. जुलैत घरभर काळी चिलटं झाली आणि सूनबाईंनी मला बोलावलं. मी बटाट्याची चकती कापून गुलाबाच्या कुंडीत मातीवर दाबून ठेवली. दोन दिवसांनी आजोबांना चकती उलटायला सांगितली. खालच्या बाजूला पारदर्शक, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या अळ्या, आणि प्रत्येकीचं डोकं काळं, चकचकीत. आजोबांनी भिंग आणलं. त्या अळ्या ओल्या मातीतल्या बुरशीवर आणि कुजणाऱ्या पाल्यावर जगतात, फार झाल्या तर कोवळ्या मुळ्याही कुरतडतात. दूध-साखरेचा चोथा आणि पावसाळी हवा, बुरशीला आणखी काय हवं?

आजोबांना नेम मोडायचा नव्हता आणि मला मोडायला सांगायचा नव्हता. तेव्हा आम्ही असं ठरवलं की सकाळी सातला ते कुंड्यांपाशी जातीलच, पण पाणी घालायच्या आधी प्रत्येक कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहतील. ओलं लागलं तर त्या कुंडीला त्या दिवशी पाणी नाही. चोथा आधी पाण्याने धुवून, वाळवून, मगच घालायचा आणि मातीखाली दाबायचा, वर पसरायचा नाही. मातीच्या वरच्या थरात मूठभर निंबोळी पेंड मिसळली, उडणाऱ्यांसाठी पिवळी चिकट कार्डं लावली. या अळ्या मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत असतात, तो थर मध्येमध्ये वाळू दिला की त्यांचा निभाव लागत नाही. नारळाच्या काथ्याच्या भुशात भरलेल्या कुंड्यांकडे विशेष लक्ष द्यावं लागतं, तो वरून कोरडा दिसतो आणि आत पिळला तर पाणी निघतं. डासांच्या अळ्यांवर जो जिवाणू वापरतात, बीटीआय, तो या अळ्यांवरही चालतो. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात तो सापडला. पण गॅलरीतल्या दहा-बारा कुंड्यांना त्याची गरज पडत नाही, बोट पुरतं.

घरी खत करणाऱ्यांना एवढंच सांगते की चिलटं झाली म्हणून बादली बंद करू नका. पुणे महापालिका घरी गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात पाच टक्के सवलत देते ती उगाच नाही. ओला कचरा टाकला की प्रत्येक वेळी वर तेवढाच कोरडा पाला किंवा जुनं खत पसरा, ओला कचरा उघडा दिसता कामा नये. बादलीत मोठ्या, चपट्या, करड्या अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि त्या कचरा झपाट्याने खाऊन संपवतात. किळस येते हे मला मान्य आहे, पण त्या आपल्या कामाच्या आहेत.

फवाऱ्याबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. ज्या ओट्यावर पोळ्या लाटतो तिथे चिलटांसाठी कीटकनाशक मारू नये, आमच्या माणसांनी नाही, घरच्यांनीही नाही. दुकानातला स्प्रे मोठी माशी मारतो आणि त्याचा थर ओट्यावर राहतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत डायक्लोरव्हॉस हे औषध घराघरांत सहज मारलं जायचं, अगदी किराणा मालाच्या कपाटातही. सरकारने २०२० च्या अखेरीस त्यावर पूर्ण बंदी आणली. तरी जुनी बाटली कुठल्यातरी माळ्यावर निघते, आणि "हे मारू का ताई?" असं विचारतात. ती बाटली उघडू नका, मोरीतही ओतू नका.

औषध न मारल्याचा एक तोटा आहे, तो मी आधीच सांगून टाकते. ओल काढली तरी चिलटं त्याच दिवशी जात नाहीत. जे कोश आधीच तयार आहेत त्यातून माश्या निघत राहतात, मोठ्या माश्याही काही आठवडे जगतात. त्यांना नवीन अंडी घालायला जागा मिळाली नाही की एक-दोन आठवड्यांत त्या विरळ होत जातात. या काळात व्हिनेगरची वाटी रोज ठेवावी आणि रोज बदलावी. दहा दिवसांनी वाटीत पहिल्यासारख्याच माश्या असतील तर समजा, दुसरी ओल कुठेतरी राहिली आहे, मला परत बोलवा, त्या खेपेचे पैसे मी घेत नाही. सासऱ्यांनाही आता हे पटलं आहे. चिलटांचं काम झालेल्या घरांनीच आम्हाला वाळवीची कितीतरी कामं मिळवून दिली, हे हिशेबाच्या वहीत त्यांनीच मला दाखवलं.

पावसाळा तोंडावर आला आहे. न्हाणीघरातल्या ट्रॅपची वाटी काढून ठेवली असेल तर आज शोधा आणि बसवा. फ्रिजच्या मागचा ट्रे शेवटचा कधी धुतला ते आठवत नसेल तर प्लग काढून, फ्रिजवाल्याच्या मदतीने तो उघडून घ्या. आणि घरात चिलटं झाली तर कुणाला काही बोलण्याआधी भांड्याच्या मावशींना विचारा, ओल कुठे आहे.